‘पण’ काढून टाका

‘ख्रिश्चन आहे, पण माणूस लाख मोलाचा.’

माझ्या जिवलग मित्राबद्दल हे वाक्य मी गेल्या वीस-बावीस वर्षांत कितीतरी वेळा ऐकले आहे. बोलणारे सगळे भले लोक असतात. स्टाफरूममधले सहकारी, आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग, त्याच्या विद्यार्थ्यांचे आईवडील. कुणाच्या मनात खोट नसते, कौतुकच करायचे असते. तरी त्या वाक्यातले ‘पण’ मला दर वेळी टोचते.

मी मराठी आणि उर्दू शिकवतो. उभयान्वयी अव्यये शिकवताना मुलांना सांगतो की ‘पण’ हे न्यूनत्वबोधक आहे. पहिल्या वाक्यात काही उणीव राहिली असेल, तर ती दाखवायला ते येते. ‘पाऊस पडला, पण विहीर भरली नाही.’ ‘गरीब आहे, पण प्रामाणिक आहे.’ म्हणजे ‘ख्रिश्चन आहे, पण चांगला आहे’ असे म्हणताना आपण नकळत ख्रिस्ती असणे ही उणीव धरलेली असते, आणि त्याच्या चांगुलपणाने ती भरून काढलेली असते.

आपण मुसलमानांनी तरी हे चटकन ओळखायला हवे. कारण हे ‘पण’ आपल्या वाट्याला रोज येते. ‘मुसलमान आहेत, पण मराठी किती शुद्ध बोलतात!’ ‘तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो सर.’ समोरचा मनापासून बोलत असतो, म्हणून आपण हसून चहाचा घोट घेतो. घरी येताना मात्र विचार करतो की मुसलमान वाटलो असतो, तर मग काय झाले असते? जे आपल्याला टोचते ते आपण दुसऱ्याला टोचू नये, एवढा साधा हिशेब आहे.

या ‘पण’चे एक सुशिक्षित रूपही आहे. सत्काराच्या भाषणात ते हमखास येते. ‘सरांना जात-धर्म काही नाही. माणुसकी हाच त्यांचा धर्म.’ टाळ्या पडतात. माझा मित्र खाली मान घालून बसतो. कारण त्याला धर्म आहे, आणि चांगला पक्का आहे. तो दर रविवारी चर्चला जातो. त्या दिवशी कुठलीही जादा तासिका घेत नाही. जेवणापूर्वी डोळे मिटून आभार मानतो, मग ताटात पुरणपोळी असो की शाळेच्या सहलीतला थंड झालेला उपमा. त्याच्या आयुष्यातून येशू वजा केला, तर मागे उरेल तो माणूस मी ओळखणार नाही. सत्कार करायचा आणि सत्कारमूर्तीच्या काळजातली सर्वांत मोलाची गोष्ट दाराबाहेर चपलांपाशी ठेवायला लावायची, ही काय रीत झाली?

त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे त्याच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. आपल्या हदीसमध्येही, कयामतच्या दिवशी ज्यांना अल्लाहची सावली मिळेल त्या सात प्रकारच्या लोकांत, इतक्याच गुपचूप दान करणारा एक आहे. तेव्हा नाव राहू द्या.

आमची ओळख बी.एड.च्या वर्षातली. साताऱ्यात एक खोली आम्ही दोघांनी भाड्याने घेतली होती. तो मिरजेचा, मी सातारा जिल्ह्यातला. पहाटे फज्रसाठी मी गजर लावायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतो तर हाही उठलेला. मी जानमाज अंथरली की तो खाटेशेजारी गुडघे टेकायचा. गजर एक, कामे दोन. वर्षभर हे चालले. तो मला चिडवायला ‘मौलाना’ म्हणायचा, मी त्याला ‘पाद्रीबुवा’. आजही फोनवर हीच नावे चालतात.

वादही झाले. हजरत ईसा (अ.) अल्लाहचे थोर पैगंबर आहेत, त्यांच्या आईच्या नावाने कुरआनात एक अख्खा सूरा आहे, हे ऐकून तो खूश व्हायचा. मग मी म्हणायचो, पण ते देवाचे पुत्र नाहीत. तिथे तो थांबायचा. त्याची श्रद्धा मी मान्य करत नाही, माझी तो करत नाही. बावीस वर्षांत दोघेही तसूभर हललो नाही. त्याने मैत्रीला काही झाले नाही. उलट मला वाटते, दोघांच्या पायाखाली आपापली जमीन होती म्हणूनच आम्ही एकमेकांसमोर इतके निवांत बसू शकलो.

आता तो सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा कोपली. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. शाळा, मंगल कार्यालये, मशिदी, चर्च, जिथे कोरडी जमीन होती तिथे लोक होते. त्याच्या चर्चची मंडळी खिचडी शिजवून आणि पिण्याचे पाणी घेऊन फिरत होती. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला आली, ऐन पुरात. आपल्यातल्या अनेकांनी कुर्बानीला ठेवलेले पैसे पूरग्रस्तांकडे वळवले, हे तुम्हाला आठवत असेल. ज्या शाळेत काही मुस्लिम कुटुंबे आसऱ्याला होती, तिथे माझ्या मित्राने ईदच्या सकाळी एक वर्ग रिकामा केला. स्वतः झाडला, पुसला, बाके बाहेर काढली. खिचडीचे पातेले तयार होते. तो म्हणाला, ‘आधी नमाज होऊ दे, मग वाढू.’

नंतर मी त्याला विचारले, एवढी धावपळ का करतोस रे? त्याने भाषण दिले नाही. एवढेच म्हणाला, ‘तो भुकेला असतो तिथे. मी त्याला भेटायला जातो.’ ‘तो’ म्हणजे येशू. शुभवर्तमानात शिकवण आहे की भुकेल्याला, तहानलेल्याला, आजाऱ्याला, तुरुंगातल्या माणसाला तुम्ही जे दिले, ते मलाच दिले.

मी गप्प बसलो, कारण मला सहीह मुस्लिममधली हदीस आठवली. कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारेल की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? माणूस म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसा भेटणार? तेव्हा उत्तर मिळेल की माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच भेटलो असतो. मग भुकेल्याबद्दल आणि तहानलेल्याबद्दलही असाच जाब विचारला जाईल. दोन्ही शिकवणी इतक्या जवळच्या आहेत की मित्राला मी ही हदीस ऐकवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

सांगायचे ते एवढेच. त्या वर्गातला झाडू त्याच्या हातात ‘माणुसकी’ नावाच्या कुठल्यातरी निर्धर्मी वस्तूने दिला नव्हता. तो त्याच्या प्रार्थनेने दिला होता. म्हणून वाक्य दुरुस्त करू या: ‘तो ख्रिस्ती आहे, म्हणून असा आहे.’ ‘म्हणून’ हे परिणामबोधक अव्यय आहे. व्याकरणातही तेच बसते आणि सत्यातही.

याचा अर्थ ख्रिस्ती नसलेले कमी चांगले असतात, असा होत नाही. माझ्या शेजारचा वारकरी विठ्ठलामुळे चांगला आहे. देव न मानणारे माझे एक गुरुजी आपल्या विवेकामुळे चांगले आहेत. ज्याची जी मुळे, त्यांची नावे घ्यावीत. झाडाचे कौतुक करताना मुळांवर फडके टाकू नये.

आपला भाग तर अशा मुळांनी भरलेला आहे. मित्राची आजी मिरजेच्या मिशन इस्पितळात नर्स होती. ते इस्पितळ डॉ. विल्यम वॉनलेस यांचे. मूळचे कॅनडाचे हे डॉक्टर १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आले आणि १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभे राहिले. जागा दिली मिरजेच्या संस्थानिकांनी. पुढे तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. आज तो भाग वॉनलेसवाडी या नावाने ओळखला जातो. एका गोऱ्या मिशनऱ्याच्या नावापुढे आपल्या लोकांनी ‘वाडी’ लावली, यापेक्षा मोठा सन्मान कोणता? मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, सतारी-तंबोरे घडवणारी मुस्लिम घराणी आहेत, पटवर्धनांचे गणपती मंदिर आहे आणि मिशनचे इस्पितळ आहे. कुठल्याही एकाला वगळून मिरज सांगता येत नाही.

वॉनलेस मिशनरी होते, हे लपवायचे कारण नाही. लोकांनी ख्रिस्ताकडे यावे अशी त्यांची इच्छा असणारच. मी नमाजी मुसलमान आहे, जगाने तौहीद मान्य करावी असे मलाही वाटते. आपल्याला जे सत्य वाटते ते दुसऱ्यालाही दिसावे, ही इच्छा गुन्हा नाही. जबरदस्ती, फसवणूक आणि लालूच हा गुन्हा आहे, आणि धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नाही हे कुरआनाने स्वच्छ सांगितले आहे. या दोन्हींतला फरक पुसून टाकला, की प्रत्येक सुईमागे, प्रत्येक पाटीमागे आणि खिचडीच्या प्रत्येक पातेल्यामागे कारस्थान दिसू लागते. महाराष्ट्रात ख्रिस्ती मिशनच्या शाळा आणि दवाखाने शंभर-दीडशे वर्षे चालले. तिथे शिकून, बरे होऊन किती पिढ्या बाहेर पडल्या. आणि २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती एक टक्काही भरत नाहीत. सगळी सेवा जर जाळे असेल, तर ते फारच भोकांचे जाळे म्हणायला हवे!

साताऱ्याची आठवण वेगळी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला राहायला आले. चित्पावन ब्राह्मण घरातला हा कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला होता. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते बोलत. त्यांनी ख्रिस्ताची भजने लिहिली ती अभंगाच्या चालीत, आणि कीर्तनेही केली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायचा प्रयत्न केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा सगळ्यांना त्यात जागा होती. फार काळ मिळाला नाही. १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या घरची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले होते. तिथे कविता म्हणणारा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पुढे ‘बालकवी’ झाला. टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. ख्रिस्ती घरात ख्रिस्ती माणसांच्या हातचे खाऊन बालकवी वाढले, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांचा धर्म कुणाला दिसला नाही असे थोडेच होते? तो घरभर होता. त्या धर्मानेच घराचे दार उघडे ठेवले होते. आज कुणी तरुण कवी एखाद्या पाद्र्याच्या घरी राहायला गेला, तर पहिला प्रश्न काय विचारला जाईल, याचा विचार करून बघा.

कारण दिवस बदलले आहेत. २०२५ च्या जून महिन्यात सांगलीत एका लोकप्रतिनिधीने धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यासाठी लाखांची बक्षिसे जाहीर केली. त्याआधी जिल्ह्यात एका तरुण विवाहितेने जीव दिला होता, आणि सासरच्यांनी धर्मासाठी छळ केल्याचा आरोप माहेरच्यांनी केला होता. ते दुःख खरे आहे. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल आणि शिक्षा देईल. पण एका घरातल्या आरोपाची किंमत जिल्ह्यातल्या प्रत्येक पाद्र्याच्या डोक्यावर लावणे, हा कुठला न्याय? ख्रिस्ती समाज रस्त्यावर उतरला, निवेदने दिली. त्या आठवड्यात माझ्या मित्राचा फोन आला. नेहमीसारखे ‘मौलाना’ म्हणाला नाही. विचारले, ‘पुढच्या पुरात आम्ही खिचडी घेऊन जायची की नाही रे?’

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याआधी आपल्याला द्यायचे आहे. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा गप्प होते. काहींनी खासगीत सुटकेचा श्वास टाकला, की या वेळी निशाण्यावर आपण नाही. ‘आज त्यांच्यावर, उद्या आपल्यावर’ म्हणून बोला, असे मी म्हणणार नाही. तो हिशेब झाला. बोलायचे ते शेजाऱ्याचा हक्क म्हणून. जिब्रील (अ.) शेजाऱ्याबद्दल इतक्यांदा ताकीद देत राहिले की शेजारी आता वारसदारच ठरतो की काय असे प्रेषितांना (स.) वाटले. त्या हदीसमध्ये शेजाऱ्याच्या धर्माची अट नाही.

आणि एक जुने देणेही आहे. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केत छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना कुठे पाठवले? हबशाला, एका ख्रिस्ती राजाकडे. मक्केचे दूत नजराणे घेऊन मागोमाग गेले, आमची माणसे परत द्या म्हणाले. नज्जाशीने दोन्ही बाजू ऐकल्या. हजरत जाफर (र.) यांनी सूरा मरियमच्या आयती वाचल्या, तेव्हा राजाच्या आणि त्याच्या धर्मगुरूंच्या डोळ्यांत पाणी आले. नजराणे परत गेले, माणसे राहिली. नज्जाशीने पुढे इस्लाम स्वीकारला असे आपल्या परंपरेत सांगतात. पण ज्या दिवशी त्याने आसरा दिला त्या दिवशी तो ख्रिस्ती होता, आणि ख्रिस्ती म्हणूनच त्याने न्याय केला. सूरा माइदामध्ये ईमानवाल्यांशी स्नेहाने सर्वांत जवळचे म्हणून ख्रिस्ती लोकांचा उल्लेख आहे, आणि कारणही दिले आहे: त्यांच्यात विद्वान आणि संन्यस्त लोक आहेत आणि ते गर्व करत नाहीत. बघा, कुरआनाने कौतुक करताना त्यांचे धर्मगुरू वगळले नाहीत. तिथे ‘पण’ नाही, ‘कारण’ आहे.

काही लोक म्हणतील, दुसऱ्याच्या श्रद्धेचे इतके कौतुक केले तर आपला ईमान कमजोर होईल. नज्रानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आले तेव्हा त्यांनी मशिदीतच आपली प्रार्थना केली आणि प्रेषितांनी (स.) ती करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. चर्चा झाली, मतभेद राहिले, करार झाला. ईमान कमजोर झाले नाही. माझा अनुभवही हाच आहे. मित्रामुळे मी ख्रिस्ती झालो नाही, माझी फज्र मात्र चुकेनाशी झाली. त्याची एक विद्यार्थिनी आपल्याच समाजातली, आता परिचारिका आहे. नमाज, रोजे सगळे करते. ती म्हणते, रुग्णाचा हात धरून बसायला मी सरांकडे पाहून शिकले. त्याचा दुसरा एक विद्यार्थी दरवर्षी पंढरीची वारी करतो. सर गुडघ्यांवर जातात, मी पायांवर, असे तो हसत सांगतो. खरी श्रद्धा अशी असते. तिच्या उजेडात प्रत्येकाला स्वतःची वाट दिसते.

तेव्हा वाचकहो, माझे मागणे लहान आहे. ईद-मिलनाला आपण पुढाऱ्यांना बोलावतो, त्यांच्या शेजारी एक खुर्ची गावातल्या पाद्रीसाहेबांसाठी ठेवा, आणि त्यांना ‘राष्ट्रीय एकात्मता’ हा विषय देऊ नका. तुम्ही प्रार्थना कशी करता ते सांगा, असे म्हणा. नाताळला शेजाऱ्याच्या घरी करंज्या खायला जाल तेव्हा, आज तुमच्यासाठी हा दिवस काय आहे, असे विचारा. मित्राच्या आनंदात आनंद मानल्याने त्याचा अकीदा आपला होत नाही. आणि कुणी त्यांच्याबद्दल वाईट बोलू लागले, तर तिथल्या तिथे सांगा की मी यांना ओळखतो. शहरे अशा ओळखींवर टिकतात.

माझ्या मित्राच्या प्रश्नाला मी फोनवरच उत्तर दिले. म्हणालो, ‘पाद्रीबुवा, पातेले घासून ठेव. पुढच्या वेळी लाकडे मी आणतो.’ तो हसला. मग नेहमीसारखे म्हणाला, ‘मौलाना, दुआ कर.’ मी करतो. रोज फज्रनंतर त्याचे नाव घेऊन करतो. अल्लाह त्याला सलामत ठेवो. आमीन.